झाकणाला कान

सेगुल्ला झोपलेली नाही. तिला विचाराल तर ती हेच सांगेल, की मी कुठे झोपले होते, नुसते डोळे मिटले होते, आणि तेही कांदा चिरून चुरचुरत होते म्हणून. तिच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. बुधवारपासून या बाईच्या डोळ्याला डोळा नाही. आज शुक्रवार, दुपारचे तीन वाजून गेलेत, आणि स्वयंपाकघराच्या दारात, नवऱ्याच्या आरामखुर्चीत ती अशी बसलीय की पावलं जमिनीवर आहेत, हातात पदर आहे, आणि मान मात्र केव्हाच खांद्यावर येऊन पडलीय.

बाहेर दिमोना आहे. इस्राएलच्या वाळवंटातलं गाव, तीन-चार मजली सारख्या इमारती, आणि त्यांतल्या कितीतरी घरांतून अजून मराठी ऐकू येतं. कोकणातून आलेली आपली बेने इस्राएल मंडळी. रोहेकरांचं घर त्यांतलंच, मूळचं रेवदंड्याचं. पंचावन्न वर्षं झाली इथे येऊन, पण सेगुल्ला अजून खाटकाशी हिब्रूत भांडते आणि स्वतःशी मराठीत.

शेगडीवर मोठा टोप आहे. टोपात गाईच्या छातीचं मांस. इथले खाटीक मांसाला नावानं नाही, नंबरानं ओळखतात, आणि छातीचा नंबर तीन. हातभर लांब तुकडा, वर बोटभर जाड चरबी. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण, सढळ हातानं हळद, चार कोकमं, आणि डब्यातलं नारळाचं दूध, कारण मांसाच्या टोपात गाईम्हशीच्या दुधाचा थेंब चालत नाही. बारा वाजता चढवलंय. पाच वाजता उतरायला हवं. त्यानंतर शब्बाथच्या मेणबत्त्या लागणार, आणि एकदा त्या लागल्या की शनिवार संध्याकाळपर्यंत विस्तवाला हात लावायचा नाही. कच्चं राहिलं तर कच्चंच खायचं.

हे मांस सेगुल्लानं आयुष्यात पहिल्यांदा केलंय. इतकी वर्षं ते हस्केलचं काम होतं. कापडगिरणीत मुकादम असलेला हा माणूस घरात पाण्याचा पेला उचलून घेत नसे, पण सणाच्या दिवशी तीन नंबर आला की बायकोला स्वयंपाकघराबाहेर काढायचा. त्याचा नियम एकच. झाकण उघडायचं नाही, झाकणाला कान लावायचा. पाणी बोलतंय तोवर मांस कच्चं. मग ते गप्प होतं. आणि मग तेल बोलायला लागतं, बारीक, कुणीतरी शेजारच्या खोलीत कुजबुजावं तसं. तेव्हा उतरवायचं. आधी नाही, नंतर नाही. सेगुल्ला त्याला हसायची. म्हणायची, टोपाचं बरं ऐकू येतं तुम्हाला, माझं तेवढं येत नाही. आता बारापासून तिनं तीनदा कान लावलाय. एकदा कर्णफूल तापून कानाची पाळी भाजली. आणि ऐकू काय आलं, तर स्वतःचीच धडधड.

हस्केल अकरा महिन्यांपूर्वी गेला.

आणि या टोपावर सेगुल्लाचा सगळा जीव टांगलाय, ते का, तेही सांगते. मुलगे दोन. थोरला पिन्हास, धाकटा नातान. बाप हॉस्पिटलात एकवीस दिवस पडला होता, छातीत पाणी झालेलं. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, श्वासाची नळी घालून मशीनवर ठेवायचं की राहू द्यायचं? पिन्हासनं कागदावर सही केली, राहू द्या. नातान त्या वेळी उत्तरेकडून गाडी हाकत येत होता, तो पोचला तेव्हा तासभर उशीर झालेला होता. त्यानं विचारलं, सही कुणी केली? पिन्हास म्हणाला, मी. बस्, तेवढंच. नातान म्हणाला, माझी वाट पाहिली नाहीस, तू बाबांना मारलंस. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोललेला नाही. मेलेल्या बापासाठी मुलांनी अकरा महिने रोज कद्दीशची प्रार्थना म्हणायची असते, तीही दोघांनी दोन वेगळ्या सिनेगॉगांत जाऊन म्हटली.

पिन्हासनं एक गोष्ट सांगितली नाही. सही करण्याआधी आईनं त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, ‘बाबा मला काल म्हणाले, मशीन नको.’ आईला कुणी बोल लावू नये म्हणून पोरगा आईचं नाव न घेता अकरा महिने शिव्या खातोय. आणि आई? आई गप्प आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काल कद्दीशचे अकरा महिने संपले. सकाळी नातानचा फोन आला. ‘आई, येतो आज. तुझ्यासाठी येतो, जेवतो. पण त्याच्याबरोबर एका टेबलावर हे शेवटचं. यापुढे मला बोलवू नकोस, म्हणजे मला नाही म्हणायला नको.’

सेगुल्लानं फोन ठेवला आणि कांदे चिरायला घेतले. बापाच्या हातची चव तोंडात गेली तर पोरगा विरघळेल, हा एवढाच तिचा बेत. बेत कसला, बुडत्याला काडी. आणि आता ती काडीही हातात धरून ही बाई झोपलीय.

टोप बोलतोय. डुबुक, डुबुक. थांबतो. पुन्हा डुबुक.

‘पाणी किती घातलंस गं?’

‘नाही घातलं,’ सेगुल्ला म्हणते. ‘मांसाला स्वतःचं पाणी सुटतं, तुम्हीच सांगायचात.’

‘मग ही बडबड कसली चाललीय आत?’

हस्केल ओट्याशी उभा आहे. गंजीफ्रॉक, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कानामागे गिरणीतली पेन्सिल. ओणवा होऊन त्यानं उजवा कान झाकणाला लावलाय. डावा कान मागांच्या खडखडाटात गेला, तो निवृत्त व्हायच्या आधीच निवृत्त झालेला. त्याचा चेहरा भरलेला आहे, हॉस्पिटलात होता तसा नाही. झाकण त्याला भाजत नाही.

सेगुल्लाला भीती वाटत नाही. तिला राग येतो, सपाटून राग येतो.

‘अकरा महिने! अकरा महिन्यांत एकदा यायला सवड झाली नाही तुम्हाला. आणि आलात ते मांसासाठी?’

‘तू झोपतेस कुठे?’ हस्केल म्हणतो. ‘तू झोपल्याशिवाय मी येऊ कसा? दोनदा येऊन गेलो. तू आपली छताकडे बघत पडलेली.’

‘हाक मारायची.’

‘मेलेल्या माणसाची हाक जाग्या माणसाला ऐकू जात नाही. आता जरा गप्प बस, मला ऐकू दे.’

ती गप्प बसते. इतक्या वर्षांची सवय आहे. पण मनात एकच गोष्ट टोचतेय, अकरा महिने तिनं जपून ठेवलेली, की हा भेटला तर विचारीन. विचारायचं म्हणजे काय, याच्याकडून वदवून घ्यायचं.

‘अहो, मला एक सांगा.’

‘कोकमं किती घातलीस?’

‘चार.’

‘चार? एवढ्या मांसाला? मारवाड्याच्या घरचं जेवण आहे का हे? काढ अजून.’

सेगुल्ला चिडून कोकमांची बरणी काढायला भिंतीतलं कपाट उघडते. कपाटात बरणी नाही. कपाटात रेवदंड्याचं अंगण आहे.

ती पाऊल टाकते आणि ओली वाळू पायाला लागते. पलीकडे माड, त्यांच्या पलीकडे समुद्र, त्याचा आवाज मात्र येत नाही. अंगणात हस्केलच्या आजोबांचा तेलाचा घाणा फिरतोय. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल गोल चालतोय. आणि घाण्याच्या बाजूला तीन दगडांवर तिचा दिमोनाचा टोप, त्याखाली नारळाच्या सोडणांचा मंद विस्तव. हस्केल उकिडवा बसून फुंकर घालतोय.

‘शोभतं का हे?’ सेगुल्ला कुजबुजते. ‘हा इथे फिरतोय आणि आपण त्याच्यासमोर मोठ्याचं शिजवतोय. गावात कधी कुणी आणलंय का असलं? शेजारीपाजारी काय म्हणतील?’

‘त्याला दिसत नाही,’ हस्केल म्हणतो. ‘झापड आहे.’

‘वास तर येतो.’

‘येऊ दे. त्याला वाटेल बोकड आहे.’ आणि तो हसायला लागतो, जुनं हसू, खांदे हलवत. ‘आठवतं का गं, पहिल्या वर्षी? गिरणीच्या साहेबानं सणाला हा एवढा थोरला गोठलेला तुकडा दिला. कधी बघितलेलं नाही असलं मांस. मी आपला आईच्या मटणासारखा तासाभरात उतरवला.’

‘चपलेचा तळ होता नुसता,’ सेगुल्ला म्हणते. तिलाही हसू येतं, नको असताना. ‘पिन्हासचा दुधाचा दात त्यात अडकून पडला.’

‘मग कळलं. घाई करायची नाही. छातीचं मांस आयुष्यभर ओझं वाहतं, त्याला सैल व्हायला वेळ लागतो. आपण घाई केली की ते घट्टच राहतं.’

सेगुल्लाचं हसू तोंडातच राहतं. हा कशाबद्दल बोलतोय? मांसाबद्दलच ना? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ती समुद्राकडे बघते. सूर्य पाण्याला टेकायला आलाय. मेणबत्त्या लावायच्यात. तिच्याजवळ काड्यापेटी नाही, मेणबत्त्या नाहीत, टेबल मांडलेलं नाही, आणि पोरं निघाली असतील.

‘अहो, माझ्याकडे वेळ नाही,’ ती त्याच्यासमोर वाळूत बसते. ‘पोरं येतायत. नातान शेवटचा येतोय. तुम्ही मला एवढं सांगा आणि मग खुशाल जा. तुम्ही मला म्हणाला होतात ना?’

‘काय म्हणालो होतो?’

‘की नळी नको. मशीन नको.’

हस्केल टोपाच्या झाकणाला कान लावतो.

‘अहो!’

‘तेल अजून बोलत नाही,’ तो म्हणतो.

‘मरू दे ते तेल! नुसतं हो म्हणा. मान हलवा तरी. मी आज पोरांना सांगेन, तुमचा बाप स्वप्नात आला, त्यानं सांगितलं की ती माझीच इच्छा होती. नातान ऐकेल. मेलेल्या बापाचा शब्द तो मोडणार नाही. तुमचं काय जातं हो म्हणायला? तुम्ही सुटलात. मी दोन पोरांच्या मधे उभी आहे, एकाला धरलं की दुसरा निसटतोय. तुमच्या पाया पडते मी!’

ती खरंच पाया पडायला वाकते, आणि हाताला वाळू लागत नाही. थंडगार फरशी लागते. हॉस्पिटलची, हिरवट, औषधानं पुसलेली.

घाणा अजून कुठेतरी फिरतोय, पण आता तो चाकांच्या गाडीचा आवाज आहे, लांब बोळातून जाणाऱ्या. हस्केल पलंगावर आडवा आहे. गाल बसलेत. उशाशी टेबलावर टोप ठेवलाय, आणि टोपातून वाफ निघते तशीच वाफ नाकावरच्या मास्कमधून निघतेय, फुस्, फुस्. सेगुल्लाच्या पाठीला ती लोखंडी खुर्ची आहे. एकवीस दिवस तिच्यावर बसून काढले, तिचा प्रत्येक दांडा तिला ओळखीचा आहे.

‘कान लाव,’ हस्केल म्हणतो.

ती टोपाकडे वळते.

‘तिकडे नाही. इथे.’

ती वाकते आणि त्याच्या छातीला कान लावते. आत आवाज आहे. डुबुक, डुबुक. थांबतो. पुन्हा डुबुक.

‘काय ऐकू येतं?’

सेगुल्ला कान आणखी दाबून धरते.

‘सांग ना. काय ऐकू येतं?’

‘पाणी,’ ती म्हणते.

‘मग अजून वेळ होता, सेगुल्ला,’ हस्केल म्हणतो. रागानं नाही, मुकादमानं नव्या माणसाला कामातली चूक समजावून सांगावी तसं. ‘तू आधीच उतरवलंस.’

यावर ती जी रडायला लागते, ते रडणं नाही, आतडं पिळवटून बाहेर येणं आहे. अकरा महिन्यांत ती अशी रडलेली नाही. दफनाच्या दिवशी कबरीपाशी सगळ्यांनी मृताची क्षमा मागितली, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ कर म्हणून, तेव्हाही तिनं ओठ हलवले, आवाज काढला नाही. अजाणता चुकलेल्यांसाठी ते शब्द ठीक आहेत. जिनं जाणून केलं तिनं काय म्हणायचं?

‘तुम्ही तसं काही बोललाच नव्हतात,’ ती त्याच्या छातीत तोंड खुपसून म्हणते. ‘कधीच नाही. तुम्ही त्या दिवशी पाणी मागितलंत, आणि उशी वर करायला सांगितलीत. बाकी काही नाही. पिन्हासला मी खोटं सांगितलं. माझं मी ठरवलं.’

बोळात चाकं थांबतात. सगळीकडे एकदम शांत होतं. आणि मग एक खणखण होते, धातूवर धातू, आणि वास येतो. काय वास! हळद, चरबी, आटलेलं नारळाचं दूध. हॉस्पिटलभर पसरतो, पलंगाखाली शिरतो, तिच्या केसांत शिरतो.

‘झाकण का काढलंत?’ सेगुल्ला डोळे न उघडता ओरडते. ‘तुम्हीच म्हणायचात, काढायचं नाही!’

कुणीतरी हळूहळू काहीतरी चावतंय. मग चावणं थांबतं.

‘का?’ तो विचारतो. त्याचा आवाज बदललाय, खाली गेलाय, घसा बसल्यासारखा. ‘का सांगितलंस तसं?’

‘मला बघवत नव्हतं.’

‘बघवत नव्हतं?’

‘नाही,’ सेगुल्ला म्हणते. आता खोटं बोलून काय मिळवायचं, मेलेल्या माणसाशी? ‘ते लोकांना सांगायचं. मी दमले होते. एकवीस दिवस त्या खुर्चीवर. पाय सुजून खांब झाले होते. त्या रात्री तुम्ही खोकत होतात, आणि माझ्या मनात आलं, संपू दे एकदाचं. तुमचं नाही, माझं. माझं संपू दे. घरी जाऊन पाठ टेकू दे. सकाळी डॉक्टर आले तेव्हा तेच माझ्या तोंडून निघालं, फक्त तुमच्या नावानं. घरी गेले आणि पाठ टेकली तर झोप कुठली! तेव्हापासून धड झोपले नाही मी. देवानं चोख हिशेब केला.’

त्याचा श्वास तिला जवळ ऐकू येतो, आणि त्यात पाणी नाही.

‘आणि पिन्हास?’ तो विचारतो. ‘त्याला का एकट्याला सोडलंस?’

‘तो थोरला आहे. तो सोसतो.’ हे बोलताना तिला स्वतःची किळस येते. ‘आणि खरं सांगितलं असतं तर नातान गेला असता. तो भावावर रागावला, तर निदान आईकडे येतो. आईवर रागावला, तर कुणाकडे येणार? मला वाटलं, भाऊ काय, आज भांडतील, उद्या बोलतील. आपलेच दात, आपलेच ओठ. पण ते बोलत नाहीत हो. अकरा महिने झाले. मला वाटलं आज हे मांस खाऊन तरी... मला काही कळेनासं झालंय. मला तुम्ही शिव्या द्या. मारा. पण असे गप्प बसू नका.’

‘आई,’ तो म्हणतो.

शेवटच्या दिवसांत हस्केल मधूनच तिला आई म्हणायचा, भान सुटलं की. सेगुल्लाला त्याचं नवल वाटत नाही. तिचं मनगट कुणीतरी धरतं. घट्ट, जवळजवळ दुखेल इतकं घट्ट, आणि ती बोटं किती गरम आहेत! मेलेल्या माणसाची बोटं एवढी गरम? ती मनगट सोडवून घेत नाही. धरू दे. न्यायचं असेल तर नेऊ दे. मग पकड सैल होते, खुर्ची सरकल्यासारखा आवाज होतो, आणि पावलं दूर जातात. बोळ फार लांब आहे. पावलं उतरत जातात, एक जिना, दुसरा जिना, तिसरा.

‘अहो, थांबा! माफ केलंत का ते तरी सांगून जा!’

तिच्या स्वतःच्या ओरडण्यानं ती जागी होते.

स्वयंपाकघरात तिरपं ऊन आलंय. चार वाजून चाळीस. मान आखडलीय, गाल ओले आहेत, पदर ओला आहे. ती उजवा हात डोळे पुसायला उचलते आणि तिथेच थांबते.

मनगटावर चार बोटं उमटलीत. पिवळी, तेलकट, ओली. आतल्या बाजूला अंगठा.

‘आले होते,’ सेगुल्ला म्हणते. मोठ्यानं म्हणते. ‘अगं बाई, खरंच आले होते!’ आणि तिच्या छातीत जे उसळतं त्याला आनंद म्हणावं की धास्ती, मला सांगता येणार नाही. ती ते मनगट नाकाशी नेते, हुंगते, ओठांना लावते. हळद. चरबी. तिचा नवरा येऊन, तिचं सगळं ऐकून, तिचा हात धरून गेला.

हे सुख तिला मोजून तेवढंच लाभतं. कारण मग तिला समोरचं स्टूल दिसतं. ते न्हाणीघरात असतं. आता ते आरामखुर्चीला गुडघा लावून मांडलंय, कुणीतरी त्याच्यावर बसलं होतं. ती ओट्याकडे बघते. शेगडी बंद आहे, टोपाचं झाकण बाजूला काढून ठेवलंय. मांसाचा चरबीकडचा एक कोपरा तोडलाय. सुरी नाही, चमचा नाही, बोटांनी. जेवायला बसण्याआधी, सगळ्यांची नजर चुकवून, उभ्याउभ्या चरबीचा कोपरा तोडून तोंडात टाकायची खोड या घरात एकालाच होती. त्याबद्दल त्यानं बापाचा मारही खाल्लाय.

नातान.

नातानकडे घराची किल्ली आहे. नातान लवकर आला. आई झोपेत बडबडतेय हे बघून तिला उठवायला बसला असेल. आणि मग तिनं...

काय काय बोललो आपण? सगळं? ‘माझं संपू दे’ तेही? मोठ्यानं? तिला आठवतंय की ती मोठ्यानं बोलत होती. प्रश्न कोणते हस्केलनं विचारले आणि कोणते यानं? ‘का’ कुणी विचारलं? कानावर आलेलं ‘आई’ कुणाचं होतं? आणि गेला तो. न बोलता गेला. ज्या एका भीतीपोटी सख्ख्या थोरल्या लेकाला आगीत ढकललं, तेच झालं. गेला. इतकं करून गेलाच.

खाली इंजिनाचा आवाज येतोय.

ती भिंतीला धरत गॅलरीत येते. तीन मजले खाली, रस्त्याच्या कडेला पिन्हासची पांढरी गाडी उभी आहे, इंजिन चालू, पिन्हास आत. भावाची गाडी दारात बघून तो वर आला नसणार. आणि नातान त्याच्या खिडकीशी उभा आहे. तो काचेवर टकटक करतोय. पिन्हास समोर बघतोय, स्टिअरिंगवर दोन्ही हात. नातान पुन्हा टकटक करतो. मग त्याचा हात काचेवरच राहतो, तळवा पसरून. अकरा महिने भावाला ज्यानं मारेकरी म्हटलं तो असा काचेला चिकटून उभा आहे, आणि काचेवर त्याची बोटं पिवळी उमटलीत.

काच खाली येते.

नातान वाकून काहीतरी सांगतो. फार वेळ लागत नाही त्याला. खरं सांगायला असा किती वेळ लागतो? सेगुल्ला इथून पिन्हासचा चेहरा बघते, आणि तो हळूहळू कसा बदलतो तेही बघते. या पोराला आजवर वाटत होतं की आपण बापाचा शब्द पाळला. त्या एका गोष्टीवर तो तग धरून होता, आणि आता तीही गेली. तो मान वर करतो. थेट गॅलरीकडे.

समोरच्या इमारतीत तळकरांची सून चादरी काढतेय. खाली दोन म्हातारे आंघोळ करून, पांढरे सदरे घालून सिनेगॉगकडे निघालेत. सगळे बघतायत. सेगुल्लाला आत जावंसं वाटतं. दार लावून घ्यावं, पलंगाखाली शिरावं, हस्केल गेला तिथे जावं. हे सगळं तिला एका श्वासात वाटतं.

ती आत जात नाही. ज्या मनगटावर पिवळी बोटं आहेत त्याच हातानं ती कठडा धरते आणि वाकते.

‘पिन्हास,’ ती हाक मारते. आवाज फाटतो. ती पुन्हा मारते, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. ‘पिन्हास! नातान सांगतोय ते खरं आहे. बाबा तसं म्हणाले नव्हते. मी खोटं सांगितलं तुला.’

म्हातारे थांबलेत. तळकरांच्या सुनेच्या हातात चादर तशीच आहे. पिन्हास वर बघतोय, नातान वर बघतोय. सेगुल्लाला माफ करा म्हणायला तोंड नाही, आणि जेवायला या म्हणायची तर हिंमतच नाही. ती नुसती उभी राहते.

मग खाली, गाडीचं इंजिन बंद होतं.